येशू खरंच उठला का? इतिहासाच्या अंगाने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी ईस्टरच्या आसपास हेच प्रश्न येतात. काही मंडळीतल्या तरुण मुलांचे, काही ऑफिसातल्या मित्रांचे, काही व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या मजकुराने डोक्यात सोडलेले. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकत्र लिहून ठेवतो. मी ख्रिस्ती आहे, पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, तेव्हा मी त्रयस्थ नाही हे आधीच सांगतो. मात्र एक पथ्य पाळलं आहे: जो पुरावा कच्चा आहे तो आपल्या बाजूचा असला तरी कच्चाच म्हणायचा.

पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्मच ना?

नाही. पुनर्जन्मात आत्मा जुना देह टाकून नवा घेतो. इथे दावा असा की जो देह वधस्तंभावर मेला आणि कबरेत ठेवला, तोच देवाने उठवला, आणि आता त्याला पुन्हा मरण नाही. लाजराची गोष्टही वेगळी. येशूने त्याला जिवंत केलं खरं, पण तो पुढे केव्हातरी म्हातारा होऊन मेलाच असणार. बायबलच्या नव्या करारात यासाठी जे ग्रीक क्रियापद वारंवार येतं, ते झोपलेल्याला उठवण्यासाठीही वापरतात. म्हणून मराठी बायबलातलं साधं ‘उठवणं’ मला ‘पुनरुत्थान’ या भारदस्त शब्दापेक्षा मुळाच्या जास्त जवळचं वाटतं.

सगळ्यात जुना पुरावा कोणता?

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण सगळा डोलारा यावर उभा आहे.

शिवकालाचा इतिहास वाचणाऱ्याला ‘अस्सल कागद’ आणि ‘बखर’ यातला फरक शिकवावा लागत नाही. त्या काळातलं पत्र वरचढ, बखर त्याखाली. बखरींतही सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर २० वर्षांच्या आत जिंजीला लिहिली गेली, म्हणून तिला एकोणिसाव्या शतकातल्या चिटणीस बखरीपेक्षा जास्त मान. हीच फूटपट्टी इथे लावा.

येशूला वधस्तंभावर दिलं ते इ.स. ३० मध्ये, फार तर ३३ मध्ये. मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, साधारण ७० ते १०० या काळातली. मार्क आधीचं, योहान शेवटचं. ती बखरीच्या जातीची म्हणा. पण त्याआधी पौलाची, म्हणजे आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या आणि पुढे प्रेषित झालेल्या माणसाची, पत्रं आहेत, आणि त्यातली सात तरी पौलाचीच आहेत याबद्दल नास्तिक अभ्यासकांनाही शंका नाही. करिंथकरांस पहिलं पत्र त्या सातांपैकी एक. ते ५४-५५ च्या सुमारास इफिसहून लिहिलेलं. म्हणजे हा अस्सल कागद, घटनेनंतर २०-२५ वर्षांचा.

त्याच्या १५व्या अध्यायात पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुमच्या हवाली केलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याला) दिसला, मग बारा शिष्यांना. पुढे यादी वाढते. एकाच वेळी ५०० हून अधिक बांधव, त्यातले बहुतेक अजून हयात, मग याकोब, मग सगळे प्रेषित, शेवटी मी. ‘मिळालं’ आणि ‘हवाली केलं’ हे शब्द तोंडपाठ परंपरा पुढे देण्याचे आहेत. सुरुवातीच्या ओळींची ठेवण पौलाच्या नेहमीच्या लिहिण्यासारखी नाही, घोकायला सोपी आहे. म्हणजे पौलाने त्या रचलेल्या नाहीत, त्याच्या हाती आयत्या आल्या आहेत.

कधी आल्या? गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की दिमिष्कच्या (दमास्कसच्या) वाटेवर येशू दिसल्याच्या अनुभवानंतर तीन वर्षांनी मी यरुशलेमला गेलो, केफाकडे १५ दिवस राहिलो, आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. यादीतली दोन नावं, आणि दोघांशी समोरासमोर गाठ. ही भेट घटनेनंतर पाच-सात वर्षांच्या आतली. १५ दिवस ते दोघे हवापाण्यावर बोलत बसले नसतील. त्यामुळे हे सूत्र घटनेनंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं आहे, असं विश्वास न ठेवणारे अभ्यासकही मानतात. शंभर वर्षांत हळूहळू फुगत गेलेली दंतकथा, हे स्पष्टीकरण इथेच गळतं.

येशू नावाचा माणूस होऊन गेला का, इथूनच मला शंका आहे.

ही शंका इंटरनेटवर जितकी जोरात आहे तितकी विद्यापीठांत नाही. रोमी इतिहासकार टॅसिटस ११६ च्या सुमारास लिहितो की सम्राट तिबेरियसच्या राज्यात रोमी सुभेदार पंतय पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता, म्हणून ही साक्ष कामाची. यहुदी इतिहासकार योसेफस येशूचा भाऊ याकोब याला ६२ मध्ये दगडमार झाल्याचं नोंदवतो. योसेफसचा येशूवरचा दुसरा, मोठा परिच्छेद मात्र जपून वापरा. त्यात नंतरच्या ख्रिस्ती नकलनविसांनी भर घातली आहे. पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरियात सापडला.

तो मेलाच नसेल, बेशुद्ध झाला असेल.

योसेफसच्या आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. यहुदी-रोमी युद्धात त्याला वधस्तंभांवर टांगलेले आपले तीन ओळखीचे दिसले. त्याने सेनापती तीताकडे रदबदली केली, तिघांना खाली उतरवलं, चांगल्यातली चांगली शुश्रूषा झाली. तरीही दोघे दगावले, एकच वाचला. म्हणजे वाचणं अगदीच अशक्य नव्हे. पण वैद्य हाताशी असूनही ही गत, तर फटके खाऊन, टांगला जाऊन, दगडी कबरेत बंद झालेल्या माणसाचं काय? आणि समजा वाचला. रक्ताळलेला, सरपटत आलेला माणूस पाहून शिष्य औषधपाण्याला धावले असते, ‘याने मरणाला जिंकलं’ म्हणाले नसते. हा मुद्दा माझा नाही. पुनरुत्थान न मानणाऱ्या डेव्हिड स्ट्राउस या जर्मन अभ्यासकाने तो एकोणिसाव्या शतकात मांडला.

मग श्रीनगरची कबर? येशू काश्मीरला आला होता म्हणतात.

हा प्रश्न आपल्याकडे हटकून येतो, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते.

पहिली गोष्ट निकोलस नोतोविच या रशियन माणसाची. १८९४ मध्ये त्याने जाहीर केलं की लडाखच्या हेमिस मठात आपल्याला एक हस्तलिखित वाचून दाखवलं, आणि त्यात येशू तरुणपणी भारतात शिकायला आल्याचं लिहिलं आहे. मॅक्स म्युलर यांनी त्याच वर्षी त्यावर झोड उठवली. १८९५ मध्ये आग्र्याचे प्राध्यापक आर्चिबाल्ड डग्लस स्वतः हेमिसला गेले. तिथल्या मुख्य लामांनी असं पुस्तक मठात नाही असं स्पष्ट सांगितलं. तरी ही कथा आज १३० वर्षं जिवंत आहे.

दुसरी गोष्ट श्रीनगरच्या खानयार भागातल्या रोजाबल दर्ग्याची. तिथे यूज आसफ नावाच्या संताची कबर आहे. ती येशूची, तो वधस्तंभावरून वाचून काश्मीरला आला, असं अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ मध्ये मांडलं. यूज आसफ हे नाव ‘बोधिसत्त्व’ शब्दाच्या अरबी-फारसी रूपावरून आलं असं अभ्यासक दाखवतात. गंमत बघा: नोतोविचचा येशू भारतातून परत जाऊन वधस्तंभावर मरतो, आणि रोजाबलचा येशू वधस्तंभावरून वाचून भारतात येतो. लोक दोन्ही एकाच दमात सांगतात. आणि दोन्ही दावे घटनेनंतर १८०० वर्षांहून उशिराचे. वरची फूटपट्टी आठवा.

वधस्तंभावर मेलेल्याला रोमी लोक पुरू देत होते का?

हा आक्षेप दमदार आहे. रोमी राज्यात प्रेत टांगलेलंच ठेवायचं, कावळ्या-कुत्र्यांनी खायचं, हीच शिक्षेची पुढची पायरी. बार्ट अर्मन यांच्यासारखे अभ्यासक याच आधारावर अरिमथाईकर योसेफाने येशूचं प्रेत मागून घेऊन कबरेत ठेवल्याची गोष्ट नाकारतात.

पण यरुशलेम म्हणजे रोम नव्हे. यहुदी धर्मशास्त्रात टांगलेलं प्रेत सूर्यास्ताआधी पुरण्याची आज्ञा आहे, आणि वधस्तंभावर दिलेल्यांनाही आपले लोक सूर्यास्ताआधी उतरवून पुरतात असं योसेफसच सांगतो. १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तरेला काही कबरी सापडल्या. त्यातल्या एका अस्थिपेटीवर यहोहानान हे नाव खरवडलेलं होतं. आत त्याच्या टाचेचं हाड, आणि हाडात आरपार गेलेला लोखंडी खिळा. टोक वाकल्यामुळे तो उपटून काढता आला नव्हता, म्हणून तर आपल्याला कळलं. म्हणजे वधस्तंभावर मेलेला एक माणूस तरी घरच्या कबरेत रीतसर पुरला गेला. हजारो मेले आणि पुरावा एकाचा, असंही कोणी म्हणेल. तेही खरं. यातून एवढंच ठरतं की पुरणं शक्य होतं.

कबर रिकामी होती कशावरून?

दिसण्याच्या अनुभवांइतका हा मुद्दा भक्कम नाही. पौल ‘पुरला गेला’ म्हणतो, रिकाम्या कबरेचा वेगळा उल्लेख करत नाही. तरीही तीन गोष्टी मला वजनदार वाटतात.

चारही शुभवर्तमानांत कबर आधी पाहतात त्या बायका, मग्दालीया मरीया सगळ्यांत. त्या काळी बायकांची साक्ष ग्राह्य धरू नये असं योसेफस नमूद करतो, आणि दुसऱ्या शतकात सेल्सस नावाचा ग्रीक टीकाकार ‘एका वेडसर बाईच्या बोलण्यावर विश्वास ठेवला’ अशा सुरात खिल्ली उडवतो. कथा रचायचीच होती तर पेत्राला पुढे करणं सोपं होतं. यावर उलट युक्तिवादही आहे: प्रेताला सुगंधी द्रव्यं लावणं हे बायकांचंच काम, त्यामुळे कथेतही त्याच जाणार. पटण्यासारखा आहे, पण पुरता नाही. काम बायकांचं म्हणून साक्षही बायकांची, असा हिशेब प्रचारासाठी रचणारा माणूस करत नाही.

दुसरं, विरोधकांचं उत्तर. शिष्यांनी प्रेत चोरलं अशी कुजबुज यहुद्यांत आजवर आहे असं मत्तय लिहितो. ‘प्रेत कबरेतच आहे, जाऊन बघा’ असं ते म्हणाले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

तिसरं, जागा. हा प्रचार गालीलच्या एखाद्या खेड्यात सुरू झाला नाही. ज्या शहरात त्याला मारलं, त्याच शहरात सुरू झाला.

आज दाखवतात ती कबर खरी आहे का?

बहुधा. आजचं पवित्र कबरेचं चर्च जुन्या शहराच्या भिंतीच्या आत आहे, आणि येशूला तर शहराबाहेर मारलं. मग जागा चुकली? उलट आहे. ३० मध्ये ती जागा बाहेरच होती. पुढे ४१ ते ४४ या काळात राजा हेरोद अग्रिप्पाने नवी भिंत घातली आणि ती आत आली. चौथ्या शतकात, सम्राट कॉन्स्टंटाइनने हे चर्च बांधवलं तेव्हा, कोणी जागा मनाने ठरवली असती तर भिंतीबाहेर ठरवली असती. २०१६ मध्ये दुरुस्तीसाठी संगमरवरी फरशी उचलली तेव्हा खालचा चुना इ.स. ३४५ च्या आसपासचा निघाला, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या काळाशी जुळणारा. कबर कोणाची होती हे चुना सांगत नाही, हेही लक्षात ठेवा.

शिष्यांना भास झाला असेल. दुःखात होतो असा.

होतो. घरात कोणी गेलं की दहाव्या-तेराव्यापर्यंत त्यांची खोकल्याची ढास ऐकू आल्याचं सांगणारी माणसं आपल्याही ओळखीत असतात. १९७१ मध्ये वेल्समधल्या डॉक्टर रीस यांनी २९३ विधवा-विधुरांशी बोलून पाहिलं. जवळपास निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराची चाहूल लागली होती. त्यामुळे ‘भास म्हणजे वेड’ असं म्हणून हा आक्षेप झटकू नये. गर्ड लुडेमान या जर्मन अभ्यासकाने पेत्राच्या अनुभवाचा उलगडा असाच केला.

अडचण पुढे आहे. असे अनुभव आलेली माणसं ‘ते येऊन गेले’ म्हणतात, ‘ते मेलेल्यांतून उठले’ म्हणत नाहीत. उलट या अनुभवाने माणूस गेल्याची खात्रीच पटते. शिवाय पौल दुःखात नव्हता, तो छळ करायला निघाला होता. येशूच्या हयातीत त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता असं योहान लिहितो, आणि त्यांच्यातला याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी झाला. तिघांचा स्वभाव वेगळा, प्रसंग वेगळा, निष्कर्ष एक.

आणि निष्कर्ष विचित्र होता. यहुद्यांतले परूशी पंथाचे लोक पुनरुत्थान मानत, सदूकी पंथाचे मानत नसत, पण मानणारेही ते युगाच्या अंती सगळ्यांचं एकदम होणार असं मानत. मधेच एकट्याचं, ही कल्पना कोणाच्याच पोथीत नव्हती.

पण पुढारी मेल्यावरही चळवळी टिकतात की.

टिकतात. न्यूयॉर्कमधल्या ल्युबाविच यहुद्यांचे रब्बी मेनाहेम श्नीरसन १९९४ मध्ये वारले. त्यांचे काही अनुयायी आजही त्यांना मशीहा, म्हणजे देवाने पाठवायचा तारणारा, मानतात. ख्रिस्ती बाजूचे लोक हे उदाहरण टाळतात, ते टाळू नये. पण त्यांच्या कबरीवर आज गर्दी असते, चिठ्ठ्या ठेवल्या जातात. आशा टिकली, पण ती ‘परत येतील’ अशी आहे. मेल्यावर आशा टिकवायची तर लोक कुठल्या वळणाने जातात, हे त्यातून कळतं. पहिल्या शिष्यांचं वळण वेगळं.

तुकोबा सदेह वैकुंठाला गेले असं आम्ही मानतो. मग तुमचा दावा वेगळा कसा?

हा प्रश्न मला देहूच्या एका स्नेह्यांनी विचारला होता, बीजेच्या दुसऱ्या दिवशी. त्यात टोमणा नव्हता. त्यांच्या श्रद्धेची परीक्षा घ्यायला मी बसलेलो नाही. पण त्यांच्या प्रश्नामुळे मला एक गोष्ट लख्ख दिसली.

देहासकट वर जाण्याची कल्पना यहुद्यांकडे आयती तयार होती. एलीया संदेष्टा वावटळीतून स्वर्गात गेला, ही गोष्ट त्यांच्या लेकरांनाही पाठ. लाडक्या गुरूला मोठेपण द्यायचं तर शिष्यांनी ‘एलीयासारखा उचलला गेला’ म्हणायला हवं होतं. लोकांना ते झटकन कळलं असतं. त्यांनी ती सोपी वाट घेतली नाही. ते म्हणाले: तो मेला, पुरला, आणि उठला. स्वर्गारोहण लूकच्या वर्णनात येतं, पण नंतर, वेगळी घटना म्हणून. आधी तो इथेच परत येतो, लूकच्याच वर्णनात भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. इतकी अवघड गोष्ट सांगायला त्यांना काहीतरी भाग पाडलं, असं मला वाटतं.

सगळे प्रेषित हुतात्मे झाले, खोट्यासाठी कोण मरेल?

उपदेशात हे फार ऐकू येतं, आणि ते जरा सांभाळून म्हणायला हवं. बाराही जणांच्या मरणाची भरवशाची नोंद नाही. जब्दीचा मुलगा याकोब याला हेरोद अग्रिप्पाने मारल्याचं नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. येशूच्या भावाचं योसेफसमध्ये. पेत्र आणि पौल यांच्याविषयी पहिल्या शतकाच्या अखेरीचं रोमहून लिहिलेलं क्लेमेंटचं पत्र आहे. प्रेषित थोमा चेन्नईतल्या मैलापूरला मारला गेला ही परंपरा आपल्याला जवळची आहे, पण तिच्यावर मी युक्तिवाद बांधणार नाही. एवढ्या चौघांवरून इतकंच सिद्ध होतं की ते प्रामाणिक होते, जाणूनबुजून फसवत नव्हते. प्रामाणिक माणूस चुकू शकतो.

चारही शुभवर्तमानांत मेळ का नाही?

बायका किती, देवदूत एक की दोन, भेट गालीलात की यरुशलेमात, यात फरक आहेत. सगळे जुळवून दाखवणारी पत्रकं मिळतात. मला ती ओढूनताणून केलेली वाटतात. गाभा मात्र एक आहे, आणि चार साक्षीदार शब्दशः सारखं बोलले असते तर शिकवून आणलेत असंच आपण म्हटलं असतं. येशूच्या मरणाच्या वेळी कबरी उघडून पवित्र जन उठले असं मत्तयाच्या २७व्या अध्यायात आहे, ते मला इतिहास म्हणून अवघड जातं.

तुरिनचं कफन? नासरेथचा शिलालेख?

दोन्ही सोडा. येशूचं म्हणून दाखवल्या जाणाऱ्या या कफनाची १९८८ मध्ये तीन प्रयोगशाळांनी कार्बन चाचणी केली आणि कापड १२६० ते १३९० या काळातलं निघालं. त्या चाचणीवर वाद आहेत, पण वादावर घर बांधू नये. कबर फोडणाऱ्यांना मृत्युदंड सांगणारा नासरेथचा शिलालेख रिकाम्या कबरेमुळे निघाला असं म्हणत. २०२० मधल्या तपासणीत त्याचा संगमरवर कोस या ग्रीक बेटावरचा निघाला, तेव्हा येशूच्या कबरेशी त्याचा संबंध जोडणं आता कठीण.

ईस्टर हा इश्तार देवीचा सण आहे ना?

नाही. अनेक भाषांत या सणाचं नाव ‘पेसाह’ या यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या हिब्रू नावावरून आलं आहे. ‘ईस्टर’ हा इंग्रजी आणि जर्मनसारख्या मोजक्या भाषांचा मामला.

चमत्कार अशक्यच, मग पुराव्याचा उपयोग काय?

डेव्हिड ह्यूम यांनी १७४८ मध्ये हेच मांडलं: चमत्कार घडण्यापेक्षा साक्षीदार चुकण्याची शक्यता नेहमीच जास्त. देव नाहीच असं ज्याचं ठाम मत आहे, त्याला वरचं काहीही पुरणार नाही, आणि त्यात तो बेइमानी करत नाही. इतिहास इथवर आणतो: येशू वधस्तंभावर मेला, लवकरच त्याच्या माणसांना तो जिवंत दिसल्याची खात्री झाली, शत्रूसुद्धा त्यात ओढला गेला. पुढचं पाऊल इतिहासाच्या हद्दीबाहेर पडतं. पिन्खास लापिडे हे धर्मनिष्ठ यहुदी विद्वान येशूला आपला मशीहा मानत नव्हते, तरी पुनरुत्थान घडलं असं त्यांचं मत झालं. तेच कागद वाचून अर्मन यांचं उलट झालं.

उद्या हाडं सापडली तर?

१९८० मध्ये यरुशलेमच्या तलपियोत भागात ‘योसेफाचा मुलगा येशू’ असं नाव असलेली अस्थिपेटी मिळाली, आणि २००७ मध्ये तिच्यावरून मोठा गाजावाजा झाला. ही नावं त्या काळी आपल्याकडच्या गणपत-विठ्ठलांइतकी सर्रास, त्यामुळे बहुतेक पुरातत्त्वज्ञांनी दावा मानला नाही. पण खरीच सापडली आणि सिद्ध झाली तर? तर मी विश्वास सोडेन. ‘आत्म्याने उठला’ अशी पळवाट काढणार नाही. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, हे पौलाने त्याच १५व्या अध्यायात लिहून ठेवलं आहे.

मला स्वतः वाचायचं आहे. कुठून सुरू करू?

करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५. मग गलतीकरांस पत्र, पहिले दोन अध्याय. मग मार्क, १६वा अध्याय, पण ८व्या वचनावर थांबा. सिनाईटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्क तिथेच संपतो: बायका थरथरत कबरेपासून पळाल्या, आणि भीतीने कोणाला काही बोलल्या नाहीत. त्यापुढची वचनं नंतर जोडलेली आहेत. ती वाचायची घाई करू नका.